देवदान सरांचे स्पीकर

"बूट बाहेर काढ, मोबाईल बंद कर आणि तोंडही बंद ठेव," देवदान सर दारातच म्हणाले. "जुना माल घ्यायला आलायस ना? मग आधी कानांना काम करू दे. असतील तर!"

मागं उभी असलेली त्यांची मुलगी, सुवार्ताताई, खुदकन हसली. मीही हसलो. हसलो म्हणजे दात दाखवले. सरांच्या दारात माझं असं स्वागत काही पहिल्यांदा होत नव्हतं.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची, मिरजेची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि जयसिंगपुरातल्या एका बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचो. वराती, उरूस, जयंत्या, जिथं बोलावतील तिथं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर रचायचे आणि धुरळा उडवायचा. पण ते पोटासाठी. डोक्यात एकच खूळ होतं, घराच्या माडीवर स्वतःचा स्टुडिओ टाकायचा. माइक घेतला होता, कॉम्प्युटर जुळवला होता, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून झाल्या होत्या. आई म्हणायची, "ही खोली आहे का वेड्याचं इस्पितळ?" आता दोनच गोष्टी राहिल्या होत्या. एक कन्व्हर्टर, म्हणजे माइकमधून आलेल्या आवाजाचे आकडे करून कॉम्प्युटरला देणारी, आणि त्या आकड्यांचा परत आवाज करणारी पेटी. आणि दुसरे मॉनिटर, म्हणजे स्टुडिओतले स्पीकर. घरचे स्पीकर आवाज गोड करून ऐकवतात, मॉनिटर तोंडावर खरं सांगतात. ते खरं सांगणारे नसले तर बाकीचा सगळा थाट फुकट. नवं घ्यायची आपली ऐपत नव्हती, म्हणून जुन्याच्या शोधात होतो.

देवदान सातपुते म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात तिखट कान. रेडिओवर तीस वर्षं ध्वनिमुद्रण केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर चर्चमागच्या आपल्या घरात त्यांनी एक खोली बांधून घेतली आणि तिथं काम सुरू ठेवलं. मिरज-सांगलीतले भलेभले गाणारे त्यांच्यापुढं पोरासारखे उभे राहायचे. जीभही कानाइतकीच तिखट. त्या दिवसाच्या सात वर्षं आधी मी माझं पहिलंवहिलं रेकॉर्डिंग मोठ्या आशेनं त्यांच्याकडं नेलं होतं. त्यांनी अर्धं मिनिट ऐकलं आणि चार गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या देखत म्हणाले, "हे बादलीत बसून केलंस का रे? तुझा दोष नाही. बेंजोवाल्यांचे कान फुटलेलेच असतात. तू हार्डवेअरचं दुकान टाक." चौघं पोट धरून हसले. त्यातला एक तबलजी पुढं वर्षभर मला 'काय बादली?' म्हणून हाक मारायचा. मी घरी येऊन ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. राग सरांचा आलाच, पण जास्त राग याचा आला की ते खरं बोलले होते.

तर त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी सरांच्या खोलीत उभा होतो. त्यांनी नवा कन्व्हर्टर घेतला होता, जुना विकायचा होता. उजव्या कानात कापसाचा बोळा दिसत होता.

"दोन महिन्यांपूर्वी पप्पांच्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालं," ताई म्हणाली. ती नर्स होती, त्यामुळं घरातही वॉर्डसारखंच बोलायची. "वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, हेडफोन तर अजिबात नाही. स्पीकरवर हळू आवाजात ऐकायला डॉक्टरांनी कालच परवानगी दिलीय. पण कालपासून या खोलीत पाऊल टाकलं नाही त्यांनी."

"का सर?" मी विचारलं.

"भीती वाटते म्हणून," सर सरळ म्हणाले. त्यांच्या तोंडून असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. "पुढच्या महिन्यात आमच्या चर्चच्या गायकमंडळाला शंभर वर्षं होतात. बारा गाणी मुद्रित करायचीत. माझी आई त्या मंडळात गायची, मीही तिच्या पदराला धरून तिथंच गायला शिकलो. ते काम मी करणार आहे. पण हा कान काय म्हणतो ते बघायला हवं ना आधी. म्हटलं, तू येणारच आहेस, तर एकदमच ऐकू."

मॉनिटर सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेले होते. काळे, जुन्या बांधणीचे, एका कोपऱ्यावर रंग उडालेला. त्यांना अॅम्प्लिफायर वेगळा लागायचा, मागं लाल आणि काळा असे दोन स्क्रू, त्यांना वायरी आवळायच्या. त्या जोडीबद्दल मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो.

"सर, हेपण देणार का?" जीभ वळवळलीच.

"मी मेल्यावर ये," सर म्हणाले. "तेव्हाही सुवार्ताला विचार. आणि तोपर्यंत कान धुऊन घे."

मग त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर एक भजन काढून ठेवलं. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनीच मुद्रित केलेलं, एका बाईंचा आवाज आणि मागं तंबोरा. कन्व्हर्टर जोडलेलाच होता. "तू ऐक. विकणाऱ्यानं खोलीत थांबायचं नसतं, घेणारा मग विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ऐकतो. मी बाहेर चहा घेतो. झालं की हाक मार." एवढं बोलून बाप-लेक बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

मी भजन लावलं. आईशप्पथ सांगतो, त्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. दोन स्पीकरच्या बरोब्बर मध्ये, जिथं नुसती भिंत होती तिथं. श्वास कुठं घेतला, ओठ कधी मिटले, सगळं कळत होतं. तंबोऱ्याचा खर्ज छातीला लागत होता. कन्व्हर्टर चांगलाच होता, पण मी कसला कन्व्हर्टर ऐकतोय! माझा जीव त्या स्पीकरांवर जडला.

असला आवाज येतो तरी कशातून, मागं काय लिहिलंय, कुठल्या सालचे, ते बघावं म्हणून मी भजन थांबवलं आणि डावा स्पीकर जरा पुढं ओढला. वायर आखूड होती, दोन्ही टोकं सटकून हातात आली. धाबं दणाणलं. बाहेर कपबशीचा आवाज येत होता. मी घाईघाईनं टोकं परत स्क्रूखाली सरकवली, आवळली, स्पीकर होता तसा मागं सारला आणि सरांना हाक मारली.

सर आले, खुर्चीत बसले. कानातला बोळा काढून त्यांनी ताईच्या हातात दिला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "लाव."

मी लावलं. दुसऱ्या सेकंदाला माझ्या लक्षात आलं. बाई मध्ये नव्हत्याच. आवाज पातळ झाला होता, खोलीभर भरकटत होता, डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटत होता. खर्ज गायब.

"फेज उलटलीय," सर म्हणाले. त्यांना पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत. "एका स्पीकरची वायर उलटी लागलीय. लाल काळ्याला गेलीय. मागं जाऊन बघ, मला वाकायची बंदी आहे."

मी मागं जाऊन गुडघ्यांवर बसलो. डाव्या स्पीकरची लाल वायर काळ्या स्क्रूला होती. मीच लावलेली. पडद्याला टाके घातलेल्या कानानं, दोन महिन्यांनी पहिल्यांदा ऐकून, माणसानं जाग्यावरनं बिनचूक सांगितलं होतं.

दहा सेकंदांचं काम होतं. 'चुकलं सर, माझ्याकडनं निघाली होती' म्हणायचं आणि वायर फिरवायची. फार तर काय झालं असतं?

"काय रे, झोपलास का तिथं?" वरून सरांचा आवाज आला. "का लाल रंग कुठला ते आईला फोन करून विचारतोस? सुवार्ता, बघ गं, स्टुडिओ टाकायला निघालेत साहेब!"

ताई परत हसली.

"वायरी बरोबर आहेत सर," मी म्हणालो. "लालला लाल, काळ्याला काळी."

खरं सांगतो, तोंडातून ते गेलं तेव्हा माझ्या मनात स्पीकरही नव्हते. हा माणूस एकदा तरी, एकदाच, माझ्यापुढं गप्प बसावा एवढंच होतं.

आणि तो बसला.

"दोन्ही बघितलेस?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"दोन्ही बघितले सर."

"मग बाई मध्ये का नाहीत?"

मी उठलो, त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिलो, ऐकल्यासारखं केलं. "मला तर मध्येच वाटताहेत."

"आणि तंबोऱ्याचा खर्ज?"

"आहे की सर. छातीला लागतोय."

सरांनी वळून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, संशयही नव्हता. तपासायला आलेल्या डॉक्टरकडं पेशंट बघतो तसं बघत होते. मग ताईला म्हणाले, "तू बस इथं. तू सांग."

ताई खुर्चीत बसली, डोळे मिटून मनापासून ऐकलं बिचारीनं. "मला नेहमीसारखंच वाटतंय, पप्पा." तिला खरंच फरक कळला नसणार. तो सगळ्यांना कळत नाही.

सरांनी भजन तीन वेळा लावलं. एकदा उजव्या कानावर हात धरून, एकदा डाव्या, एकदा दोन्ही मोकळे ठेवून. तिसऱ्यांदा अर्ध्यातच बंद केलं. त्या वेळेपर्यंत माझा राग केव्हाच उतरला होता. 'सर, एक मिनिट थांबा' म्हणायला तोंडही उघडलं होतं. पण तेवढ्यात ते म्हणाले, "हे स्पीकर घेऊन जा तू."

माझं तोंड मिटलं.

"पप्पा, असं एकदम काय?" ताई म्हणाली. "थोडे दिवस जाऊ देत. कान भरून येईल."

"भरून येईल तेव्हा काय ऐकू येईल ते तू सांगणार आहेस का? जे नाही ते मला ऐकू येतंय, सुवार्ता. कमी ऐकू आलं असतं तर मी काम केलं असतं. हे उलटं ऐकू येतंय." मग माझ्याकडं वळले. "ठोकळ्यांवरच ठेव. भिंतीपासून हातभर लांब. काय द्यायचं ते हिच्याशी ठरव, मला सांगू नका. आणि माझा फोन द्या इकडं."

त्यांनी माझ्यासमोरच गायकमंडळाच्या प्रमुखांना फोन लावला. "मी सातपुते. ते काम माझ्याच्यानं होणार नाही... नाही, नाही, कान गेला. जयसिंगपूरचा एक पोरगा आहे, मगदूम, भरतेश मगदूम. त्याला द्या. कान चांगला आहे त्याचा."

हे शब्द ऐकायला मी सात वर्षं जळत होतो. मिळाले एकदाचे.

मी कन्व्हर्टर बाहेर रिक्षात ठेवून परत आत आलो, तेव्हा ताईनं दोन्ही स्पीकर सोडवून चादरीत गुंडाळलेसुद्धा होते. वायरी गुंडाळून बाजूला ठेवलेल्या. माझा जीव भांड्यात पडला. आता कुणाला काही दिसणार नव्हतं. सर खोलीत नव्हते. जाताना त्यांचा निरोप घेऊ का म्हणून विचारलं, तर ताई म्हणाली, "नको, ते पडलेत."

त्यानंतरचं वर्ष माझं सोन्याचं गेलं. गायकमंडळाची बारा गाणी मी माझ्या माडीवरच्या खोलीत त्या स्पीकरवर ऐकून तयार केली. चर्चमध्ये कार्यक्रम झाला, लोकांनी डोक्यावर घेतलं, वर्तमानपत्रात नाव आलं. कोल्हापूरपासून लोक माझ्याकडं येऊ लागले. बेंजो पार्टी सुटली. 'बादली' म्हणणारा तबलजी पेढे घेऊन आला आणि 'मगदूमसाहेब' म्हणाला. मिरजेला जायचं असलं की मात्र मी चर्चचा रस्ता टाळून जायचो.

एके दिवशी सकाळी सुवार्ताताई माझ्या दारात. ड्युटीवरून परस्पर आलेली, हातात डबा, डोळे ओढलेले. पाणीसुद्धा घेतलं नाही तिनं.

"पप्पांचा कान तपासून आणला परत," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, अडुसष्टाव्या वर्षी असं ऐकू येणारा माणूस मी बघितला नाही. पप्पा काय म्हणाले माहितेय? मशीनच्या शिट्ट्या ऐकू येतात, गाणं येत नाही. भरतेशला विचारा, तो होता तिथं."

मी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

"रेडिओ लावत नाहीत. रविवारी चर्चला येतात, पण गाणं सुरू झालं की उठून बाहेर आवारात जाऊन उभे राहतात. म्हणतात, आईची गाणी मला चुकीची ऐकायची नाहीत. कुणाला रागवतसुद्धा नाहीत हो आता." तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला. "त्या दिवशी वायरी मीच सोडल्या. डाव्या स्पीकरची लाल वायर काळ्या स्क्रूला होती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बरं झालं असं वाटलं मला," ताई म्हणाली. तिनं नजर चुकवली नाही. "ऑपरेशननंतर मी दमले होते. एकटी आहे मी. त्यांनी त्या खोलीत कोंडून घेणं, माणसांवर ओरडणं, मी जेवायला हाका मारत बसणं... वाटलं, आता घरात बसतील शांत. बसले. असे बसतील असं वाटलं नव्हतं. आता मी कुठल्या तोंडानं सांगू? माझ्याकडं बघणार नाहीत ते परत. तुम्ही परके आहात. शिव्या देतील, हाकलतील, पण त्यांचा कान त्यांना परत मिळेल. येता ना?"

"येतो," मी म्हणालो. आणि खरंच सांगायच्या इराद्यानं निघालो. अंकलीचा पूल ओलांडेपर्यंत वाक्यं पाठ करत होतो.

सर पुढच्या खोलीत खिडकीशी बसले होते. वाळले होते. मला बघून हसले. "ये भरतेश, बस. किती दिवसांनी आलास! सुवार्ता, याला काहीतरी खायला दे गं." पहिल्यांदाच त्यांनी मला नावानं हाक मारली. मला त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बोलणं सोपं गेलं असतं.

मग मी पळवाट काढली. म्हटलं, तोंडानं कबूल करायला नकोच. यांना काहीतरी ऐकवू, हे त्यातलं काहीतरी बरोबर पकडतील, मी 'अगदी बरोबर सर' म्हणेन, कान शाबूत आहे हे त्यांचं त्यांनाच कळेल. वायरीचा विषयच निघायला नको. गायकमंडळाची गाणी फोनमध्ये होतीच, बरोबर छोटा स्पीकरही होता.

"आपल्या मंडळाची गाणी आहेत, सर. तुम्ही ऐकलीच नाहीत. एकदा ऐका," मी म्हणालो.

"मी कशाला? माझं ऐकणं काय कामाचं?" असं म्हणाले खरे, पण उठून गेले नाहीत. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मी सगळ्यात गाजलेलं गाणं लावलं. सर मान खाली घालून ऐकत होते. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या कडव्याला त्यांची मान झटकन वर आली. हात वर झाला, जुना, धारदार, पुढच्या माणसाची कंबक्ती भरलीय असं सांगणारा. "इथं थांब. मागं घे."

मी मागं घेऊन लावलं.

"तबला उतरलाय का रे इथं?" त्यांनी विचारलं. "जरासाच. केसभर. का मलाच तसं..."

तबला उतरला होता. ते बोलेपर्यंत मला कधी कळलं नव्हतं. शेकडो वेळा ऐकलं होतं मी ते, त्यांच्याच मॉनिटरवर, रात्रंदिवस. गायकमंडळानं ऐकलं, वर्तमानपत्रवाल्यानं लिहिलं, कोल्हापूरच्या लोकांनी तेच ऐकून मला काम दिलं. आणि या माणसानं खेळण्याएवढ्या स्पीकरवर, एकदाच ऐकून, माझं नाव ज्या गाण्यावर उभं होतं त्यावर बोट ठेवलं होतं. तेही ताईच्या देखत.

ती माझ्याकडं बघत होती. सर माझ्याकडं बघत होते. 'होय सर, उतरलाय.' तीन शब्द. ठरवून आलो होतो तेच.

"नाही सर," मी म्हणालो. "तबला सुरात आहे."

"आहे?"

"आहे. शंभर वेळा ऐकलंय मी."

सरांचा हात खाली आला. ताई आत निघून गेली. आत तिनं नळ सोडल्याचा आवाज आला.

"मग सुरातच असणार," सर म्हणाले. "छान केलंयस, भरतेश. फार छान." आणि बाराच्या बारा गाणी संपेपर्यंत, प्रत्येक गाण्याच्या शेवटी, आधी माझ्या तोंडाकडं बघून, ते छान म्हणत राहिले.